खाडीत टांगलेली टोपली

आधीच सांगते, माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षर कोंबडीने उकरल्यासारखं. चौथी पास झाले आणि पाटी सुटली ती सुटलीच. ऱ्हस्व कुठे आणि दीर्घ कुठे, हे मला अजून उमगलेलं नाही. हे कुणाला वाचायला दाखवायचं नाही, गादीखाली ठेवायचं आहे, म्हणून तर हात धजतो. तरी कधी कुणाच्या हाती लागलंच, तर त्याने चुका पोटात घालाव्यात.

आज सकाळी कुंपणाशी वालाला फुलं आलेली दिसली. पौष लागला की येतातच. आता आमच्या पाम गावात खाचरं फार उरली नाहीत. बोईसरच्या कारखान्यांच्या भिंती पुढे पुढे सरकत आल्या, आणि नातवाने तर सरावलीला खोली घेतली आहे, सुट्टीला तेवढी दोघं इथे येतात. पण घरामागे एक वाफा मी राखून ठेवला आहे. त्या फुलांना फार वास नसतो. दव पडलेलं असताना नाक जवळ नेलं तर ओल्या मातीचा आणि थोडासा मधाचा वास येतो. मी वाकून तो वास घेत होते, तेवढ्यात आतून नातसुनेने हाक मारली, "आजी, दूध देऊ का? त्यात माझी पावडर टाकते थोडी. डाळीचं सत्त्व आहे, ताकद येते."

डबा केवढा मोठा, आणि आत पिठासारखी पावडर. मला हसू आलं. ती म्हणाली, "का हसताय?" मी म्हटलं, "काही नाही गं." मला बोलता येत नाही असं नाही, पण मोठी गोष्ट सांगायची म्हटली की जीभ जड होते. लहानपणापासून असंच. म्हणून लिहिते.

डाळीतून ताकद काढायचा खटाटोप आमच्या घरात पूर्वी एकदा झाला होता. तेव्हा तारापूरला वीजघराचं काम चालू होतं. आमचे हे तिथे खडी-सिमेंटच्या कामावर जात आणि संध्याकाळी पापण्यांपर्यंत पांढरे होऊन येत. रेशनवर तांबडी मिलो ज्वारी मिळायची, तिच्या भाकरीची कड धरत नसे. आदल्या वर्षी पाऊस लवकर गेला होता, खाचरात ओल राहिली नव्हती, म्हणून घरातला साठवणीचा वाल तळाला गेला होता. मी लग्न होऊन आलेली नवी सून. डोक्यावरचा पदर डोळ्यांपर्यंत, आणि सासऱ्यांसमोर एक शब्द नाही. तशी रीतच होती, पण माझ्या बाबतीत ती रीत मोडायची भीतीच नव्हती.

मामंजींना त्या पावसाळ्यात विषमज्वर झाला. ताप गेला, पण माणूस परत आला नाही असं सासूबाई म्हणत. खरंच तसं होतं. भात कापणीला आलं तरी ते भिंतीला धरूनच ओटीवर येत. बसले की पाठीचे मणके सदऱ्यातून मोजता येत. पालघरच्या डॉक्टरांनी सांगितलं, रोज अंडं द्या, मासळीचं कालवण द्या, नाहीतर डाळी भरपूर द्या. मामंजींनी तिथल्या तिथे गळ्यातल्या तुळशीच्या माळेला हात लावला. गावात माळ घातलेले ते एकटेच. सासूबाई मासळी खात, पण ती अंगणातल्या वेगळ्या चुलीवर शिजे.

डॉक्टरांकडून आल्यावर सासूबाई चुलीपुढे बसून म्हणाल्या, "दर्या दाराशी हाय आनि मानूस सुकटीसारखा सुकत चाललाय. कुनाला सांगावं!"

मासळी घेऊन येणारी हिरूबाय ओटीशी टोपली उतरवायची आणि मामंजींना मुद्दाम विचारायची, "भाऊ, एक बोंबील ठेवू का उशाशी? नुसता वास घ्या, माळ काय नाकातून बगते?"

मामंजी हसायचे. पण हसण्यालाही त्यांना दम लागायचा. तो दम ऐकला की आम्ही दोघी एकमेकींकडे बघायचं टाळत असू.

त्याच दिवसांत ग्रामसेवक भाऊसाहेब सायकलवरून आले. वयाने कोवळे, मोठे प्रामाणिक. ओटीवर बसून त्यांनी कापडी पिशवीतून मूठभर दाणे काढले. मी चहा घेऊन दाराआड उभी होते. दाणे चपटे, सायीच्या रंगाचे, सदऱ्याच्या गुंडीएवढे, मधे बोटाने दाबल्यासारखी खळी.

"याला लुपिन म्हणतात, काकू. यात मटणाइतकं बळ आहे. आणि आहे डाळच."

"मटनाचं बळ आनि माळंला चालतं?" सासूबाई पुढे सरकल्या.

"चालतं. पण सुका दाणा फार कडू असतो, पोटात गेला तर बाधतो. भिजवायचा, उकडायचा, मग कडूपणा जाईपर्यंत पाणी बदलत राहायचं. तोवर तोंडात घालायचा नाही."

"आमच्या गावात येऊन आमाला वाल भिजवायला शिकवता, भाऊसाहेब?"

ते लाजले. म्हणाले, "हे इथं येईल की नाही, मलाही ठाऊक नाही. वरून बियाणं आलंय. कुणीतरी पेरून बघायला हवं. पीक आलं तर बी तेवढं परत करा, म्हणजे दुसऱ्या गावाला देता येईल."

मामंजी इतका वेळ भिंतीला टेकून होते. ते म्हणाले, "तेवढं नाय, सवाईने देऊ. बियानं सवाईनेच फेडतात आमच्यात."

दोन शेर बी मापून घेतलं. म्हणजे फेडायचं अडीच शेर. सासूबाईंनी शेराचं माप धुऊन फडताळात पालथं ठेवलं. आमच्या घरची ती खूण. कुणाचं बी अंगावर असेल तोवर ते माप पालथं असायचं. आपलं भात मोजायला शेजारून माप आणायचं, पण ते सुलटं करायचं नाही.

भात कापलं की खाचरात जी ओल उरते तिच्यावरच आमच्याकडे वाल पेरतात. पाणी नाही, खत नाही. भाताच्या बुंध्यांमधून बी टाकायचं आणि दवावर भरवसा ठेवायचा. त्या वर्षी अर्ध्या खाचरात आपला वाल आणि अर्ध्यात हा पाहुणा. गावाने त्याला लगेच नाव ठेवलं, गोऱ्यांचा वाल. वीजघराच्या कामावर तेव्हा गोरे साहेब येत, त्यांनीच तो आणला असणार अशी सगळ्यांची खात्री. शेजारच्या बाया बांधावरून विचारायच्या, "काय गो, उगवला का तुजा साहेब?"

उगवला, आणि काय देखणा उगवला! आपला वाल जमिनीवर लोळतो, मिळेल त्याला हात घालतो. हा ताठ उभा. पानं उघडलेल्या पंज्यासारखी, मधून बोटं फुटलेली. पहाटेचं दव पडलं की त्या पंज्याच्या बरोबर मधे एकच थेंब थांबायचा, मोत्यासारखा. बाकी बोटं कोरडी. मी भाजी खुडायला जायचे आणि ते थेंबच बघत बसायचे. मग पांढरे तुरे आले, टोकाला किंचित निळी झाक. इतक्या ताठ मानेने उभं राहायला याला कुणी शिकवलं, असं माझ्या मनात यायचं. हे कुणाजवळ बोलले नाही. आज पहिल्यांदाच लिहिते आहे.

एक गोष्ट मात्र माझ्या नजरेला आली होती. बांधावर सुटलेली गुरं आपल्या वालाला तोंड लावायची आणि त्याच्याकडे बघून पुढे जायची. सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "बरंच की. राखन वाचली."

पौष सरताना माझे आईबाबा सफाळ्याहून आले. लग्नानंतरची त्यांची पहिलीच खेप. सासूबाईंनी उकडहंडीचा घाट घातला. मडक्यात कोनफळ, रताळी, वांगी, ओल्या नारळाचं हिरवं वाटण, आणि जिच्यावाचून उकडहंडीला अर्थ नाही ती वालाची कोवळी पापडी. मडक्याच्या तोंडात पाला कोंबायचा, मडकं अंगणात उपडं घालायचं आणि वर गोवऱ्या-पेंढा पेटवायचा. आपली पापडी त्या वर्षी थोडीच होती. सासूबाई टोपली घेऊन खाचरात गेल्या आणि पाहुण्या वालाच्या कोवळ्या शेंगा भरून आणल्या.

आता कुणी म्हणेल, भाऊसाहेबांनी तर बजावलं होतं. बजावलं होतं ते सुक्या दाण्याचं. आणि आमचा कडवा वालही सुकल्यावरच कडू लागतो. त्याची कोवळी शेंग गोड, अगदी कच्ची खावी अशी. सासूबाईंचा जन्म वालात गेला होता. जून झालं की कडू, कोवळं ते गोड, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. ते त्यांच्या बोटांत होतं. माझ्याही. शेंगांच्या शिरा मीच काढल्या.

हंडी उघडली तेव्हा वाफेला नेहमीचाच वास. ओवा, नारळ, धूर. पानं वाढली. बाबांनी पहिला घास घेतला आणि त्यांचं चावणं एकदम हळू झालं. व्याह्यांच्या घरी पहिल्यांदा जेवायला बसलेला माणूस थुंकणार कुठे? त्यांनी गिळलं. म्हणाले, "चव... जरा निराळी हाय, विहीनबाय."

"कोनफळ जुनं असंल," आई पटकन म्हणाली.

सासूबाईंनी स्वतःच्या पानातली शेंग तोंडात घातली आणि उठून अंगणात गेल्या. नुसतं कडू नव्हतं ते. कडुनिंब बरा. एका हंडीत एकत्र शिजल्यामुळे रताळ्यालाही तीच चव लागली होती. सगळ्यांनी हात आखडले, एका माणसाशिवाय. मामंजी खातच होते. ज्वर गेल्यापासून त्यांना पहिल्यांदा भूक लागली होती, तोंडाला चव मुळातच नव्हती, आणि ते पीक त्यांच्यासाठी लावलेलं. त्यांनी बायकोकडे बघत पान संपवलं.

घटकाभराने त्यांनी पाणी मागितलं. पुन्हा मागितलं. जीभ टाळूला चिकटते म्हणाले. मग उठायला गेले आणि खांब धरून उभे राहिले. "या अंगनात दोन माड कदी झाले?" त्यांनी विचारलं. अंगणात एकच माड होता.

त्यानंतरचे ते तास मला नीट आठवत नाहीत. एवढंच आठवतं की सासूबाईंनी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं होतं. बाबा वैद्याला आणायला धावले. मी ताकाचं भांडं हातात धरून उभी होते, आणि ते कुणाला द्यायचं हे मला समजत नव्हतं. दिवेलागणीला मामंजींनी डोळे नीट उघडले आणि म्हणाले, "माड एकच हाय." तेव्हा सासूबाई रडल्या.

दुसऱ्या दिवशी उजाडताच त्या विळा घेऊन निघाल्या. सगळं कापून उकिरड्यावर टाकणार होत्या. मामंजी ओटीवरून म्हणाले, "थांब."

"थांबू? काल जीव गेला असता तुमचा!"

"गेला नाय ना. बी घेतलंय लोकांचं. फेडल्याबिगर कापायचं नाय. पिकू दे."

त्या विळा घेऊन खाचराकडे न जाता गवताला गेल्या.

भाऊसाहेबांच्या कानावर गेलं तेव्हा ते घाम पुसत आले. सासूबाई म्हणाल्या, "तुमी सुक्याचं सांगितलंत. ओल्याचं कुटं सांगितलंत?" ते खाली बघून म्हणाले, "ओली शेंग कुणी हंडीत घालेल, हे माझ्या ध्यानातच आलं नाही, काकू." दोघांचंही खरं होतं. सासूबाईंनी त्यांना चहा दिला. पुढे महिन्याभरात त्यांची बदली झाली.

माघात ऊन चढलं आणि त्या ताठ रोपांची मान कलली. त्याला थंडी हवी होती, ती आमच्याकडे किती पुरणार! निम्म्या शेंगा पोकळ निघाल्या. झोडपून, पाखडून टोपलीभर दाणे झाले. सासूबाईंनी शेजारून माप आणून आधी अडीच शेर बाजूला काढलं, राखेत घोळून मडक्यात भरलं आणि मडक्याचं तोंड शेणमातीने लिंपलं. उरलं ते घरचं.

पण ते खायचं कसं? मामंजी अजून भिंत धरूनच चालत होते, डाळीचा भाव ऐकून आमचे हे दुकानातून तसेच परत येत होते, आणि घरात टोपलीभर बळ पडलं होतं, जे तोंडात घालता येत नव्हतं. सासूबाई त्याला हात लावेनात. शेवटी मीच एक दिवस थोडे दाणे भिजत घातले, दुसऱ्या दिवशी उकडले आणि पाणी बदलत राहिले. त्या पाण्याला पिवळा रंग यायचा. पाणी बदलायचं म्हणजे ते आणायचं, आणि फाल्गुनात विहिरीचा तळ दिसू लागतो. दोन हंडे डोक्यावर, एक कमरेवर, आणि ते सगळं त्या गुंडीएवढ्या दाण्यांच्या घशात. कडूपणा काही हटेना.

हिरूबायने मला वाटेत गाठलं. "काय गो पोरी, सासरा दिवसातून किती आंगोली करतो? सारखी पानी व्हाताना दिसतेस."

मी तिला सांगितलं. तिच्याशी मला बोलता यायचं, कारण ती माझ्या उत्तराची वाट बघत नसे.

ती कमरेवर हात ठेवून हसली. "अगो, दाराशी एवढी खाडी हाय आनि तू विहीर उपसतेस? भरतीला पानी येतं, ओहोटीला जातं. त्याला कोनी हंडा लावलाय का? टोपलीत घालून दे मला. होडीच्या खुंट्याला बांधते."

घरी मी सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "यांना सांगू नको." आणि स्वतःच उकडलेले दाणे टोपलीत भरून वर फडकं बांधलं. हिरूबायने त्यावर जुन्या जाळ्याचा तुकडा गुंडाळला.

त्या टोपलीसाठी मी खाडीवर जायला लागले. आजही डोळे मिटले की तो चिखलाचा वास येतो, खारा, थोडा कुजका, तरी मनाला बरा वाटणारा. ओहोटीला टोपली उघडी पडायची, पाणी निथळायचं, खेकडे तिच्याखालून पळायचे. मग लांबून भरतीची एक बारीक रेघ चालत यायची आणि टोपली हलायला लागायची, कुणीतरी आतून जागं झाल्यासारखी. मी काही करायची नाही, नुसती बसायची. माझं काम समुद्र करत होता. सासरी आल्यापासून मी अशी रिकामी कधी बसले नव्हते.

हिरूबाय अधूनमधून एक दाणा जिभेवर ठेवून थुंकायची. "नाय अजून." पुन्हा काही दिवसांनी, "वाईच राहिलाय." आणि एका दुपारी तिने दाणा चावला, गिळला आणि दुसरा उचलला. "घेऊन जा गो. नायतर मीच संपवीन."

आधी सासूबाईंनी खाल्ला. मग मी. मग आमच्या ह्यांनी. आम्ही तिघांनी एक दिवस जाऊ दिला. कुणाला काही झालं नाही, तेव्हा सासूबाईंनी ओलं खोबरं घालून उसळ केली. चिमटीत धरला की दाणा सालातून टुणकन बाहेर उडायचा.

मामंजींनी पानाकडे पाहिलं, दाणा ओळखला आणि बायकोकडे पाहिलं. त्या वर वाशांकडे बघत होत्या. त्यांनी एक दाणा खाल्ला, मग एक घास. थांबून म्हणाले, "मीठ दान्याच्या आतपर्यंत गेलंय. कोनी घातलं?"

सासूबाई वाशांकडेच. मामंजींनी पुन्हा विचारलं, "कोनी घातलं मीठ?"

आणि दाराआडून माझाच आवाज आला. "खाडीने, मामंजी."

तोवर त्यांनी माझा आवाज ऐकलेला नव्हता. मला वाटलं, धरणी दुभंगून आत घेईल तर बरं. मी सगळं सांगून टाकलं, टोपली, होडीचा खुंटा, जाळ्याचा तुकडा. मासे धरायच्या जाळ्याचा, हेही. माळेला चालत नसेल तर त्यांनी आत्ताच हात धुवावा, असं मनात होतं.

त्यांनी माळ बोटांनी चाचपली. विचार केला. मग म्हणाले, "दर्या कुनाचा उष्टा नसतो. वाढ अजून."

दुसऱ्या दिवशी हिरूबाय ओटीवर टेकली ती हसतच. "कसं भाऊ? शेवटी दर्याचंच खाल्लंत ना!"

"खाल्लं. पन त्याला काटा नव्हता," मामंजी म्हणाले, आणि दोघं इतकी हसली की आतून सासूबाई बघायला आल्या. मामंजींना दम लागला नव्हता. ते आधी मला ऐकू आलं, मग सासूबाईंना.

त्या दाण्याने बळ आलं, की दुखणं आपोआपच ओसरत होतं, मला सांगता येत नाही. मी शिकलेली नाही. चैत्रात ते भिंत सोडून चालले. नंतर गोठ्यापर्यंत. नंतर खाचरापर्यंत. टोपली खाडीत जात राहिली, येत राहिली, आणि घरचे दाणे संपत आले.

शेवटची उसळ झाली त्या दिवशी सासूबाई त्या लिंपलेल्या मडक्याजवळ जाऊन उभ्या राहिल्या. "भाऊसाहेब गेले बदलून. नव्याला ठाऊकसुदा नाय. आता मागतंय कोन? अजून थोडे दिवस खाल्लंत तर पाय घट्ट होतील."

त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. माळेचा, रितीचा, कशाचा प्रश्न नव्हता तिथे. हंडीनंतरचे ते तास होते त्या चेहऱ्यावर.

मामंजी त्यांच्याजवळ गेले. हळू आवाजात म्हणाले, "मागनारा हाय का, ते बगून फेडतात का? पाय घट्ट झालेत. बगायचंय तुला?"

दुसऱ्या सकाळी त्यांनी मडकं फोडलं, दाणे पिशवीत भरले, फडताळातलं पालथं माप काखोटीला मारलं आणि निघाले. आमचे हे सोबत येतो म्हणाले, तर नको म्हणाले. पाममधून बोईसर स्टेशनापर्यंत चालत, पुढे गाडीने पालघरच्या तालुका कचेरीत. सासूबाई दिवसभर आत-बाहेर करत राहिल्या. मी उगाचच अंगण दोनदा झाडलं.

ऊन कलल्यावर वाटेवर ते दिसले. सावकाश, पण सरळ चालत होते. खांद्यावर रिकामी पिशवी.

ओटीवर बसून त्यांनी सांगितलं. कचेरीतल्या माणसाला काहीच माहीत नव्हतं. तो म्हणाला, बाबा, ठेवा कुठेतरी कोपऱ्यात. "मी म्हनलो, कोपऱ्यात नाय, मापून घ्या." मग तिथेच व्हरांड्यात बसून त्यांनी आपल्या मापाने मोजून दिलं, दर मापाला शीग लावून. कचेरीतली माणसं बघायला जमली. कुणीतरी विचारलं, हे काय आहे? "गोऱ्यांचा वाल," त्यांनी सांगितलं, "कोवळा खाऊ नका."

आमच्या गावात तो पुन्हा कुणी पेरला नाही. आम्हीही नाही. दुसऱ्या वर्षी पाऊस चांगला झाला आणि सगळ्या खाचरात आपला लोळणारा वालच लोळला. पालघरहून ते बी पुढे कुठे गेलं, कुणी पेरलं का, त्याच्या पानावर तसा एकच थेंब कुणी पाहिला का, मला कधी कळलं नाही.

पण मी त्या दिवसाचं सांगत होते. पाणी पिऊन झाल्यावर मामंजींनी काखेतलं माप काढलं आणि सासूबाईंपुढे धरलं. त्यांनी ते घेतलं नाही, पदराने डोळे टिपत होत्या. मग मामंजींनी दाराकडे पाहिलं, जिथे मी असायची.

"सूनबाई," ते म्हणाले, "हे ठेव फडताळात. सुलटं."